स्वयंपाकघर, चौऱ्याण्णव टक्के

भूपाल मगदुमांच्या कानाबद्दल मिरजेत तीन गोष्टी सांगतात. पहिली अशी, की शेजारच्या गल्लीत कुणी भजी तळायला घेतली तर नुसत्या चर्र आवाजावरून ते पिठात मीठ कमी पडलंय म्हणून घरात बसून सांगायचे. दुसरी अशी, की एक डास त्यांनी आठवडाभर घरात राहू दिला, कारण तो काळी दोनमध्ये अगदी नेमका गुणगुणत होता. मगदूम जैन, म्हणजे डास तसाही वाचणारच होता. पण लोकांना गोष्ट सुरावर संपवायला आवडते. या दोन्ही गोष्टी थोड्याफार वाढवलेल्या आहेत. किती, ते विचारू नये. तिसरी मात्र शब्दशः खरी, कारण तिचा कागद आयकर खात्यात जमा आहे, आणि तिथं जमा झालेला कागद माणसापेक्षा जास्त जगतो.

साल २०४१. भूपाल चौसष्ट वर्षांचे. धंदा तंबोऱ्यांची जवारी लावण्याचा. तंबोऱ्याच्या तारा ज्या लहानशा घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं केसभर घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं. जमलं की तार नुसती वाजत नाही, गुंजायला लागते. हाडाच्या घोडीला भूपाल हात लावत नसत, फायबरचीच घ्यायचे. त्यांनी नोकरी कधी केली नाही, दुकान कधी थाटलं नाही. धारवाडहून, पुण्याहून, कुठल्याशा संगीत विद्यालयातून बोलावणं आलं की थैली उचलायची, नाहीतर तंबोरा घरी यायचा आणि पुढच्या खोलीत काम चालायचं. त्या खोलीवर पत्रा. ऊन चढलं की पत्रा तडतडायचा आणि भूपालना दुपारचं काम थांबवायला लागायचं. तिथं स्लॅब घालायचा, हे त्यांचं दहा वर्षांचं ठरलेलं होतं. ठरलेलं होतं एवढंच.

जूनमध्ये त्यांची कर सल्लागार रुखसार मुजावर हिनं त्यांना बोलावून घेतलं. रुखसारचे आजोबा भोपळे कोरून तंबोरे बनवायचे. लहानपणी ती भूपालच्या कानशी पळवायची. आता ती लोकांची विवरणपत्रं भरायची आणि कुणाचं काही पळवायची नाही, असं तिचं म्हणणं.

"काका, दरवर्षी तुम्ही घराचा चौथा हिस्सा धंद्याचा म्हणून दाखवता. वीज, पाणी, घरपट्टी, सगळ्याचा चौथा भाग खर्चात. खातं विचारतंय, कशावरून?"

"पुढची खोली आहे की."

"खोली आहे. पण तिथं तुम्ही काम करता का पेपर वाचता?"

"दोन्ही करतो."

"मग किती काम आणि किती पेपर, एवढंच खात्याला पाहिजे." तिनं ड्रॉवरमधून हरभऱ्याएवढी एक काळी गोळी काढून टेबलावर ठेवली. "याला कानोसा म्हणतात."

आता हे कानोसा प्रकरण नीट समजून घ्यायला पाहिजे. आपल्याला वाटतं कान फक्त ऐकतो. तसं नाही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते, तिच्यात हजारो बारीक केसाळ पेशी असतात, आणि त्यांतल्या काही आलेल्या आवाजाबरोबर स्वतःही थरथरतात. त्या थरथरण्याचा आवाज बाहेर येतो. म्हणजे कान स्वतःच अगदी हळू वाजत असतो, इतका हळू की आपला आपल्यालाही ऐकू येत नाही. पण चांगला मायक्रोफोन कानात बसवला तर सापडतो. हे जुनंच ज्ञान. नवं एवढंच, की मन एखाद्या आवाजाकडे लागलं की मेंदू त्या पेशींना हुकूम पाठवतो, आणि कानाचं ते वाजणं बदलतं. कानावर नुसतं पडतंय तेव्हा वेगळं, मन लावून ऐकतोय तेव्हा वेगळं. बंगळूरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेनं हा फरक मोजणारी गोळी बनवली, बहिऱ्या मुलांच्या तपासणीसाठी. तिथून ती आयकर खात्याकडे कशी गेली, हे देवाला आणि अर्थमंत्रालयाला ठाऊक. घरी बसून कानानं पोट भरणारे लोक तोवर फार झाले होते. कुणी भाषणं टाईप करायचं, कुणी आवाज द्यायचं, कुणी फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकायचं, आणि सगळेच घराचा मोठा भाग खर्चात टाकायचे. खात्यानं नियम केला: महिनाभर कानोसा घाला, घराच्या ज्या खोलीत कान कामाला लागला ती खोली धंद्याची, तेवढ्या टक्क्यांनी.

"म्हणजे मी काय ऐकतो ते यात सगळं भरणार?" भूपालनी गोळी लांबूनच बघितली.

"नाही हो. काय ऐकलं ते साठवायला कायद्यानं बंदी आहे. किती मन लावून ऐकलं, कधी ऐकलं आणि कुठल्या खोलीत ऐकलं, तेवढंच. खोल्या ओळखायला ही चार बटणं घ्या, एकेका भिंतीला चिकटवा. झोपताना आणि आंघोळीला काढायचं. बाकी कानातच."

भूपाल घरी आले आणि त्यांनी बटणं चिकटवली. राजमतीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"कानात बोळा कसला?"

"सरकारी आहे."

"सरकारला तुमच्या कानात काय मिळणार?"

"तेच बघायला घातलाय."

राजमतीवहिनी बोलक्या. त्यांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण, आणि सहाच्या त्या जेवणाला दिवसभराच्या सगळ्या बातम्या पानावर यायच्या. धाकट्या बहिणीची, सुनंदाची, वाटणीची केस, समोरच्यांच्या सुनेनं भाड्यानं आणलेला भाकऱ्या थापणारा रोबो आणि त्यानं थापलेल्या चौकोनी भाकऱ्या, जयसिंगपूरच्या भावाच्या फर्निचरच्या दुकानातली नवी कपाटं. भूपालच्या वाट्याला तीन शब्द होते: "हं", "बरं" आणि "असं होय". या तिन्हींवर एकोणचाळीस वर्षांचा संसार झाला होता आणि दोघांचीही तक्रार नव्हती.

महिना संपला. रुखसारनं अहवाल उघडला, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडला.

"काका, पुढची खोली तीन टक्के."

"तीन?"

"तीन. झोपायची खोली दोन. व्हरांडा एक." तिनं आकडा पुन्हा तपासला. "आणि स्वयंपाकघर चौऱ्याण्णव."

पंख्याला वंगण पाहिजे होतं, ते भूपालना ऐकू आलं.

"मला पण आधी चूक वाटली," रुखसार म्हणाली. "पण आलेख बघा ना. रोज सहाला काटा जो चढतो तो पावणेसातपर्यंत उतरतच नाही. माझ्याकडे आवाज देणारे, गाणारे, सगळे येतात, इतका उंच काटा मी कुणाचा बघितला नाही. कलावंतांचं असंच असतं. हात पुढच्या खोलीत चालतात, पण खरं काम डोक्यात, जेवताना. तुम्ही तिथं बसून मनातल्या मनात जवारी लावता."

कुणी कलावंत म्हटलं की भूपालना बाकीचं पटायला वेळ लागत नसे. आणि रुखसारनं पुढचा आकडा सांगितल्यावर तर काहीच पटवायचं उरलं नाही. स्वयंपाकघर धंद्याचं ठरलं तर गॅस, धान्य, मिक्सर, भांडीवालीचा पगार, सगळं खर्चात. विद्यालयांनी त्यांच्या बिलांतून आधीच कापलेल्या करातले चौऱ्याऐंशी हजार परत. चौऱ्याऐंशी हजारांत स्लॅब होत नव्हता, पण सुरू होत होता.

"फक्त घरातल्या दुसऱ्या माणसाची सही लागेल. काकींची. सदर स्वयंपाकघराचा वापर मुख्यतः व्यवसायासाठी होतो, अशी. जुलैअखेरच्या आत. तोवर गोळी कानातच राहू द्या, खातं अधूनमधून तपासतं."

भूपालनी कागद राजमतीवहिनींपुढं ठेवला आणि चौऱ्याऐंशी हजार आधी सांगितले, टक्के नंतर. वहिनींनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"माझं स्वयंपाकघर तुमचा कारखाना कधीपासून झालं?"

"अगं, कागदावर फक्त."

"कागदावर काय लिहिलंय ते मला वाचता येतं. जेवताना तुमचं ध्यान कामात असतं, असं लिहिलंय. शंभरातलं चौऱ्याण्णव." त्या कागदाची घडी घालत राहिल्या, लहान, आणखी लहान. "एकोणचाळीस वर्षं मी बोलते आणि तुम्ही मान हलवता. मला वाटायचं हा माणूस बोलत नाही, पण ऐकतो. आता कळलं कुणाचा तंबोरा ऐकत बसता ते."

"तसं नव्हे ते."

"मग कसं?"

यंत्रानं सांगितलं, रुखसारनं समजावलं, आणि भूपालनी ते कौतुक म्हणून खिशात घातलं होतं. आता काढून दाखवायला गेले तर त्याला वेगळाच वास.

"सही होणार नाही," राजमतीवहिनी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून जेवताना बोलायच्या बंद झाल्या.

भांडण झालं असतं तर भूपालनी निभावलं असतं. पण हे भांडण नव्हतं. भाकरी वेळेवर, आमटी गरम, लोणचं डाव्या बाजूला, आणि आवाज फक्त वाटीचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सुरुवात करून बघितली.

"भाजी चांगली झालीय."

"हं."

"उद्या धारवाडच्या बाईंचा तंबोरा येणार आहे. तातडीचा आहे."

"बरं."

"सुनंदाच्या केसची तारीख झाली का?"

"असं होय," राजमतीवहिनी म्हणाल्या, आणि ते उत्तर प्रश्नाला लागू पडत नव्हतं हे दोघांनाही कळलं. भूपालनी मान खाली घातली. आपले तीन शब्द समोरून आले की कसे लागतात, हे माणसाला सहसा कळत नाही. त्यांना साठीनंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारवाडचा तंबोरा आला. गाडीत उन्हानं तापून त्याचा षड्ज पार बसला होता. भूपाल पुढच्या खोलीत चटईवर बसले, तंबोरा मांडीवर घेतला. राजमतीवहिनी चहा घेऊन आल्या. अबोला जेवणापुरता होता, चहाला त्यांनी तो लागू केलेला नव्हता. दारातच त्या थांबल्या.

भूपालनी उजव्या हातानं कानशी उचलली, आणि डाव्या हातानं, तिकडं न बघताच, कानातली गोळी काढून सुताच्या दोऱ्यांच्या पत्र्याच्या डबीत टाकली. झाकण लावलं. तार छेडली.

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"कानातलं काढलंत."

भूपालनी कानाला हात लावला. खरंच काढलं होतं. "अगं, कानात बोळा घालून सूर कसा लागणार?"

"रोज काढता?"

त्यांना विचार करायला लागला. देवळात जाताना चप्पल कुठल्या पायातली आधी काढली, असं विचारल्यासारखं होतं ते. डबीत बघितलं तर गोळीवर फायबरच्या भुशाचा महिनाभराचा पांढरा थर होता.

"रोजच की. काम सुरू करताना काढतो, हात धुतले की घालतो."

"हात धुवून कुठं येता?"

"जेवायला."

राजमतीवहिनी चहाचा कप तसाच हातात धरून उभ्या. "म्हणजे काम करताना ते कानात नव्हतं."

"नव्हतं."

"आणि माझ्यासमोर पानावर बसताना होतं."

"होतं."

"मग त्या चौऱ्याण्णवात तंबोरा कुठनं आला?"

ज्या कानाला पाव श्रुतीचा फरक झोपेत कळायचा, त्या कानाच्या मालकाला एवढी गोष्ट कळायला चहावर साय धरेपर्यंत वेळ लागला. मग ते हळूच म्हणाले, "जेवताना मला तंबोरा आठवतच नाही गं. सुनंदाच्या वकिलानं पुढं काय केलं, तेच ऐकत असतो."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"मधे बोललो की तू मूळ मुद्दा सोडतेस."

राजमतीवहिनींनी कप खाली ठेवला. थोडा सांडला. "थांबा," त्या म्हणाल्या. "आज बघतेच. रुखसारला फोन लावा. तिचा तो टॅब घेऊन यायला सांगा, साडेपाचला. आणि गोळी पुसून घाला."

रुखसार आली. भुशाची हकीकत ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "काढून ठेवली तरी यंत्र शून्यच मांडतं, काका. खात्याच्या मते कान रिकामा म्हणजे माणूस रिकामा." तिनं टॅब पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर काटा होता, शून्य ते शंभर. भूपाल पुसलेली गोळी कानात घालून पानावर बसले आणि राजमतीवहिनींनी चार दिवसांचं साठलेलं सोडलं. सुनंदाची तारीख पडली होती, तिच्या दिरानं खोटा नकाशा दाखल केला होता, आणि त्या नकाशात विहीरच नव्हती.

काटा चढला. ऐंशी, नव्वद, त्र्याण्णव. भूपाल आमटीत भाकरी कुस्करत होते. तोंडावर नेहमीचंच, म्हणजे काहीच नाही. पण काटा वर, पिंपळाच्या पानासारखा थरथरत. राजमतीवहिनींनी मधेच विचारलं, "विहिरीचा मूळ कागद कुणाकडं आहे सांगा?"

"तुझ्या मावसभावाकडं. कुपवाडच्या. तूच मे महिन्यात सांगितलंस."

रुखसारनं राजमतीवहिनींकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, पण ते बहुधा फोडणीचं असावं, त्यांनी तसंच सांगितलं.

"आणि परवा आमच्या आदगोंडाचा फोन आला," त्या पुढं म्हणाल्या, "दुकानात तो नवीन कपाटं..."

काटा धाडकन पडला. बारा. नऊ. सहा.

रुखसारनं ओढणी तोंडाला लावली.

"माझ्या भावाचं नाव निघालं आणि सहा," राजमतीवहिनी म्हणाल्या.

"यंत्र आहे. कधी कधी अडकतं."

"सुनंदाच्या दिराला अडकलं नाही."

"आदगोंडानं आठ वर्षांपूर्वी माझी शिडी नेलीय, ती आधी आणून दे म्हणावं. मग ऐकतो," भूपाल म्हणाले, आणि शिडी म्हणताच काटा आपोआप चाळीसवर गेला. मग मात्र रुखसारला हसू आवरेना, आणि राजमतीवहिनींनाही.

हसणं ओसरल्यावर रुखसार कामाचं बोलली. "काका, आज एकोणतीस तारीख. दोन वाटा आहेत. गोळी काढून ठेवत होतात, हे मला, तुम्हाला आणि काकींना ठाऊक. खात्याकडं फक्त आकडा आहे. मी कर सल्लागार, मला तुम्हाला खरं तेच भरा म्हणायला पाहिजे, आणि ते मी म्हटलं. दुसरी वाट काकींच्या सहीची."

"सही मी देते," राजमतीवहिनी म्हणाल्या. "कागद आणा. माझा राग गेला. घाला स्लॅब."

भूपालनी कागद घेतला. एवढ्या घड्या पडल्या होत्या की तो उलगडायला वेळ लागला. पुन्हा वाचला. पुढच्या खोलीवरचा पत्रा संध्याकाळच्या गारव्यानं एकदा तडकला, आणि त्यांनी तिकडं बघितलंही.

"नको," ते म्हणाले.

"आता काय झालं? देते म्हटलं ना."

"यात असं लिहून द्यायचं की तुझं बोलणं ऐकणं हा माझा धंदा आहे. धंद्याचे मी पैसे घेतो. तुझं मी एकोणचाळीस वर्षं फुकट ऐकलंय. आता शेवटाला बिल कशाला फाडू?" त्यांनी कागदाची होती तशीच घडी घातली. "रुखसार, स्वयंपाकघर घरगुती लिही. शंभर टक्के. आणि पुढच्या खोलीचं यंत्र सांगतंय तेवढंच. तीन."

"काका, उलटा कर भरायला लागेल. साडेअकरा हजार."

"भरू."

विवरणपत्र एकतीस तारखेला गेलं, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुनावणीची नोटीस आली. वजावट मिळत असताना कुणी ती आपणहून सोडली, असं खात्याच्या संगणकानं कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं. सुनावणी पडद्यावर. नियमानुसार अधिकाऱ्याचा चेहरा पुसट केलेला, फक्त चहाचा कप आणि कानातली काळी गोळी स्पष्ट. खात्याचे लोकही कामाच्या वेळी लक्ष देतात का, हे तेव्हा खातं मोजत होतं.

"श्री. मगदूम, स्वयंपाकघरात चौऱ्याण्णव टक्के श्रवण आहे. ते व्यवसायाचं नाही, असं तुमचं म्हणणं?"

"नाही."

"मग कशाचं आहे?"

"बायको बोलते."

कप वर जाता जाता थांबला. "रोज पाऊण तास?"

"केस मोठी आहे, साहेब. नकाशातून विहीर गायब केलीय."

"विहीर कशी गायब करतील?" पुसट चेहऱ्यानं विचारलं. एवढं पुरे होतं. पाठीमागून राजमतीवहिनी पुढं आल्या, आणि त्यांनी दिरापासून सुरुवात केली. वीस मिनिटांनी पलीकडून कुणीतरी अधिकाऱ्याला दुसऱ्या सुनावणीची वेळ झाल्याची आठवण करून दिली. पुढं असं सांगतात, की त्या दिवशी त्या साहेबांच्या कानोशाचा काटा साऱ्या कार्यालयातला सगळ्यांत उंच लागला आणि त्यांना प्रशस्तिपत्रक मिळालं. हे मात्र मी वाढवलेलं असू शकेल. भूपालचा कागद मंजूर झाला, एवढं खरं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: खुलासा मान्य.

गोळी परत करायला आठवडा बाकी होता. राजमतीवहिनींनी ती भूपालच्या कानातून काढली, पदराला पुसली आणि स्वतःच्या कानात घातली. "बघू तरी," म्हणाल्या. मग आठवडाभर जेवताना भूपाल बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलायला पाऊण तास मिळाला, आणि त्यांनी तो जवारीवर घालवला: घोडीचा माथा किती उताराचा, दोरा कुठं थांबवायचा, धारवाडच्या बाईंचा पंचम कसा जागेवर आणला. राजमतीवहिनी मान हलवत होत्या. हं. बरं. असं होय.

शेवटच्या दिवशी रुखसार गोळी न्यायला आली. टॅब बघून तिनं तो पालथा ठेवला.

"काटा कुठवर चढला?" भूपालनी विचारलं.

"काका, जाऊ दे ना."

"सांग की."

"अकरा."

भूपाल इतके हसले की त्यांना पाणी प्यायला लागलं. स्लॅब नाही, साडेअकरा हजार गेले, आणि गडी हसतोय. "अकरा तरी कशाचे आले?" ते म्हणाले. "जवारीतलं तुला काय आवडलं एवढं?"

"जवारी नव्हे," राजमतीवहिनी ताट वाढता वाढता म्हणाल्या. "मंगळवारी तुम्ही आदगोंडाला शिडीवरनं नावं ठेवत होता, ते अकरा. बसा आता, सूर्य मावळायला आलाय. आणि सुनंदाचा फोन आला होता, ऐका."